ट्रॉफीची पाठ

जगात यशस्वी माणसं किती आहेत हे कोणाला मोजायचं असेल तर त्याने ताईच्या दुकानात यावं. एकतीस वर्षांत तिने इतक्या जणांना यशस्वी केलं होतं की त्यातले निम्मे जरी खरे निघाले असते तर जग कधीच सुधारलं असतं. सर्वोत्कृष्ट विक्रेता, सर्वोत्कृष्ट शाळा, सर्वोत्कृष्ट शिस्त, बुद्धिबळात दुसरा. एका गृहसंस्थेने 'सर्वोत्कृष्ट शेजारी' अशी ढाल करायला टाकली आणि ती कोणाला द्यायची यावरून तिथे हाणामारी झाली. ती ढाल अजून दुकानातच होती, नावाची जागा कोरी ठेवून.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, भिंतींवर काचेची कपाटं, कपाटांत चषक, आणि अगदी मागे एकुलत्या एक खिडकीखाली ताईचं टेबल. टेबलाला ट्रॉफीवरची पितळी पट्टी आवळायचा शिकंजा, वर भिंगाचा दिवा, आणि हाताशी विजेवर चालणारी, पेनासारखी धरायची कोरणी. नावं कोरायचं काम ताईचं. ते तिच्याशिवाय कोणाला येत नव्हतं आणि ती कोणाला शिकवतही नव्हती.

बाळ्या तिचा धाकटा भाऊ. वय एकोणपन्नास, डोक्यावर केस नाममात्र, पण घरात एकदा बाळ्या झाला तो झाला. कार्डावर तो 'व्यवस्थापकीय संचालक' होता. संचालन करायला त्याच्या हाताखाली एकटी ताई होती, आणि ती त्याला काडीची दाद देत नसे. त्याला यश कसं मिळवावं यावरची पुस्तकं वाचायचा नाद होता. पहाटे उठा, थंड पाण्याने अंघोळ करा, मोठी स्वप्नं बघा, असं त्यांत असायचं. पहाटे उठणं त्याला जमलं नाही, थंड पाण्याने सर्दी झाली, म्हणून तो सगळा जोर स्वप्नांवर देत होता.

सध्याचं स्वप्न म्हणजे लेझरने कोरणारं मशीन. कपाटाएवढं धूड, बटण दाबलं की मिनिटाला एक नाव. ते ठेवायला दुकानात जागा एकच होती, खिडकीखालची.

"तुझं टेबल माळ्यावर टाकू," बाळ्या म्हणाला. "तू आपली काउंटरवर बस आरामात. गिऱ्हाइकांशी बोल."

"मी बोलू? गिऱ्हाइकांशी?"

बाळ्याला आपल्या योजनेतली अडचण तत्काळ दिसली. मागच्याच महिन्यात ताईने एका गृहस्थाला तोंडावर विचारलं होतं की जन्मभर दुसरा आलेल्या मुलाला एवढी उंच ट्रॉफी कशाला. तो गृहस्थ ऑर्डर न देताच निघून गेला होता. तरी बाळ्याने मशीनचा हट्ट सोडला नाही. "जग कुठल्या कुठे गेलं, ताई. टिकायचं असेल तर बदलावं लागतं."

"माझं टेबल हललं तर मी पण हलले असं समज," ताई म्हणाली आणि कोरणी सुरू केली, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.

बोलली खरी, पण आतून ती धास्तावली होती. त्या टेबलाशिवाय आपण कोण, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. ती कोणाची बायको नव्हती, आई नव्हती, तिला गाता येत नव्हतं, स्वयंपाक ती शिक्षा भोगल्यासारखा करायची. ती टेबलाशी बसायची आणि नावं कोरायची. हे गेलं की उरणार ती काउंटरवरची म्हातारी, 'बसा ना, पाणी घेता?' म्हणणारी.

आता कामाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच निघाला. बाबांनी, म्हणजे दुकान काढणाऱ्या वडिलांनी, ताईला पहिल्या दिवशी नियम घालून दिला होता: सुई, म्हणजे कोरणीचं टोक, आधी पट्टीच्या पाठीवर चालवायची, मग तोंडावर. प्रत्येक पट्टीचा कडकपणा निराळा असतो. म्हणून पट्टी उलटी करून मागे दोन-चार अक्षरं खरडायची, सुई कशी धरते ते बघायचं, आणि मग पुढे नाव घालायचं. पट्टी लाकडावर चिकटली की पाठ कायमची झाकली जाते.

पहिली काही वर्षं ताईने पाठीवर इमानदारीत अ आ इ ई लिहिलं. मग एकदा तिच्याच शाळेतल्या मास्तरांच्या निरोपाची पट्टी आली. पुढे लिहायचं होतं 'चाळीस वर्षांची निष्कलंक सेवा'. ताईने पट्टी उलटी केली, सुई टेकवली, आणि हाताने आपणहून लिहिलं: 'याने मला गणितात मुद्दाम नापास केलं होतं.' मग पट्टी सुलटी करून निष्कलंक सेवा कोरली. त्या दिवशी जेवण तिला फार गोड लागलं.

तेव्हापासून अ आ इ ई बंद. प्रत्येक सत्पुरुषाच्या पाठीवर ताईचं एक वाक्य असायचं, मुंगीएवढ्या अक्षरांत. पुढची भाषा गिऱ्हाइकाची, मागची तिची. शहरभर दिवाणखान्यांत आणि साहेबांच्या खोल्यांत भिंतींवर तिची हजारो वाक्यं तोंड लाकडाकडे करून बसली होती, आणि हे बाळ्यालाही ठाऊक नव्हतं.

अशात गाद्यांच्या कंपनीची ऑर्डर आली. कंपनी मोठी. वर्षभरात तिने निम्मी माणसं घरी पाठवली होती, आणि उरलेल्यांच्या अंगात जरा उत्साह यावा म्हणून निवडक बत्तीस जणांचा सत्कार ठरवला होता. 'यशस्वी बत्तीस'. यश काय मिळवलं, तर त्यांना काढलं नव्हतं.

बोलणी करायला आलेली एचआरवाली मुलगी फार गोड बोलायची. "पितळ नको हं," ती म्हणाली. "अ‍ॅक्रिलिक हवं, काचेसारखं स्वच्छ. आमच्या साहेबांचा पारदर्शकतेवर फार भर आहे."

"निम्मी माणसं काढली तीही पारदर्शकपणेच का?" ताईने मागून विचारलं. बाळ्याने टाचेने काउंटरखाली लाथ मारली, पण ताई तिथपासून पंधरा फुटांवर होती.

मुलगी गेल्यावर बाळ्याने हिशेब स्पष्ट मांडला. हल्ली लोक फोनवरच प्रमाणपत्र पाठवतात, ढाली करतो कोण. ही ऑर्डर बिघडली तर दुकानाला टाळं. नीट झाली तर कंपनीचं दरवर्षीचं काम आपलं, आणि पहिल्या तारखेला मशीन दारात. म्हणजे बिघडली तर दुकान जाणार आणि सुधारली तर टेबल. ताईने रात्रभर विचार करून तिसरी वाट काढली. हाताचं काम असं करायचं की बघणाऱ्याने स्वतःच म्हणावं, आम्हाला मशीनचं नको.

कंपनीने प्रत्येकाचा एक अर्ज पाठवला होता, वर फोटो, खाली प्रश्न. शेवटचा प्रश्न होता: 'तुमच्या यशाचं रहस्य एका वाक्यात लिहा.' ताईने बत्तीसच्या बत्तीस अर्ज मन लावून वाचले. विक्रीप्रमुखाने लिहिलं होतं, 'मी कधीच थकत नाही.' गोदामाच्या मुकादमाने लिहिलं होतं, 'योग्य वेळी योग्य जागी असणे.' एकाने नुसतं 'मी' लिहिलं होतं. मोठ्या साहेबांनी लिहिलं होतं, 'कठोर निर्णय घेण्याची क्षमता.' शिलाई विभागातल्या एका चष्मेवाल्या बाईने तर अर्जच कोरा ठेवला होता. फोटोत तिचा चेहरा असा, की कोणीतरी पाय तुडवला आहे आणि ती सांगत नाही.

ताई कामाला लागली. अ‍ॅक्रिलिकचे जाड तुकडे दोन्ही बाजूंनी तपकिरी कागद चिकटवून आले होते. पुढचा कागद काढून तिने अक्षरं कोरली, त्यांत काळा रंग भरला, आणि मागचा कागद ओरखडे पडू नयेत म्हणून तसाच ठेवला. कोरण्याआधी सुई अर्थात पाठीवर तपासली, कागदावरूनच. विक्रीप्रमुखाच्या पाठीवर लिहिलं, 'बायकोला विचारा.' मुकादमाच्या पाठीवर लिहिलं, 'म्हणजे साहेबांच्या केबिनबाहेर.' मोठ्या साहेबांच्या पाठीवर लिहिलं, 'निर्णय कठोर आणि गादी मऊ. काढलेल्यांच्या जागेत एकटा ऐसपैस बसलाय.'

आता कोणी म्हणेल, एवढी तिखट बाई, आणि पारदर्शक म्हणजे काय हे तिला कळू नये? कळत होतं. पण जो हात इतकी वर्षं पाठीवर बिनधास्त लिहीत आलाय तो डोक्याला विचारायला थांबत नाही. शिवाय मागे कागद होता, आणि तो कोणी काढेल हे तिच्या मनात आलं नाही. पुढून बघितलं तर तपकिरी कागद जरा खरवडलेला दिसायचा, यापलीकडे काही नाही. काम मात्र असं उतरलं की बाळ्यालाही खोट काढता आली नाही. बत्तीस नावं, एक वेलांटी वाकडी नाही. ताईने ट्रॉफ्या कापसात बांधल्या आणि मनात म्हणाली, आता दाखव तुझं मशीन.

समारंभ शनिवारी दुपारी कंपनीच्या सभागृहात होता. दोघांना आमंत्रण होतं. बाळ्याने कोट घातला, ताईने ठेवणीतली साडी नेसली, आणि पुढून तिसऱ्या रांगेत दोघं बसली. एचआरवाली मुलगी लगबगीने येऊन ताईचा हात हातात घेऊन म्हणाली, "किती सुंदर झाल्यात. कागद काढताना मात्र नखं गेली आमची. मागचा तो काय चिकट."

"मागचा?" ताईने विचारलं.

"हो, तोही काढून पाठ स्वच्छ केली की. आरपार दिसतंय आता. मागची ती बारीक नक्षीही छान."

मुलगी गेली. ताईने बाळ्याच्या कोटाची बाही धरली आणि हळू आवाजात त्याला सगळं सांगितलं. बाबांचा नियम, मास्तर, एकतीस वर्षं, बत्तीस वाक्यं. बाळ्याने पुस्तकांत वाचलं होतं की संकटात खोल श्वास घ्यावा. त्याने घेतला आणि सोडायला विसरला.

"साहेबांच्या पाठीवर काय आहे?" त्याने शेवटी विचारलं. ताईने सांगितलं. बाळ्या डोळे मिटून बसला.

पहिलं नाव विक्रीप्रमुखाचं पुकारलं. उंचापुरा माणूस, दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. फोटोवाल्याने हात केला तशी त्याने ट्रॉफी छातीशी धरून लोकांकडे वळवली. लोकांच्या बाजूला त्याचं नाव. त्याच्या बाजूला पाठ. हसत हसत त्याने मान खाली घातली, आणि ताईला तिसऱ्या रांगेतून दिसलं की तो वाचतोय.

त्याचं हसू गेलं नाही, नुसतं तिथेच थांबलं. मग त्याने वर बघून गर्दीत कोणाला तरी शोधलं. दुसऱ्या रांगेत पिवळ्या साडीतली एक बाई टाळ्या वाजवत होती. चार मिनिटांचं भाषण त्याच्या खिशातून अर्धं बाहेर डोकावत होतं. त्याने ते आत ढकललं, 'धन्यवाद' म्हणाला आणि एक-एक पायरी करत खाली उतरला.

"आता बोंब होणार," बाळ्या पुटपुटला.

पण बोंब झाली नाही. मुकादम वर गेला, वाचलं, कानापर्यंत लाल झाला आणि ट्रॉफी पोटाशी घट्ट धरून खाली आला. 'मी' लिहिणारा गेला. त्याच्या पाठीवर 'आणखी कोणी?' असं होतं. तो वाचून बराच वेळ उभा राहिला, त्याला हाताला धरून उतरवावं लागलं. एकामागून एक सगळे वर जात होते, खाली बघत होते, आणि ओठ मिटून परत येत होते. ताईला कोडं पडलं आणि मग एकदम उलगडलं. प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्याच पाठीवर आहे. तक्रार करायची तर ते वाक्य दाखवावं लागणार, आणि ते वाक्य दाखवण्यापेक्षा त्यातल्या कोणालाही नोकरी गेलेली परवडली असती.

शेवटी मोठे साहेब. त्यांनी स्वतःच स्वतःला ठेवलेला पुरस्कार स्वतःच्याच हाताखालच्या माणसाकडून स्वीकारला, वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मग ट्रॉफी बगलेत मारून खुर्चीवर बसले.

"सगळे एकत्र या," फोटोवाला ओरडला. "ट्रॉफ्या वर धरा, डोक्याच्या वर." एकानेही धरली नाही. बत्तीस माणसं बत्तीस तान्ही पोरं छातीशी धरावीत तशी आपापली ट्रॉफी कवटाळून उभी राहिली, आणि जो तो शेजाऱ्याची पाठ दिसते का ते चोरून बघत होता. फोटोवाला म्हणाला, इतके गंभीर विजेते मी जन्मात पाहिले नाहीत.

पुढचे तीन दिवस बाळ्याची पाचावर धारण बसलेली. फोन वाजला की तो हातातलं टाकून उभा राहायचा. ताईही काम करत नव्हती, नुसती टेबलाशी बसून होती. तिला वाईट वाटत होतं ते कंपनीसाठी नव्हे. आपण टेबल वाचवायला निघालो आणि आपल्याच हाताने ते घालवलं, ते दुकानासकट, असं तिला वाटत होतं. चौथ्या दिवशी सकाळी साहेबांनी बाळ्याला भेटायला बोलावलं. तो कोट घालून, देवाघरी निघाल्यासारखा चेहरा करून गेला.

तो गेला आणि दहाच्या सुमारास चष्मेवाली आली. शिलाई विभागातली, कोऱ्या अर्जाची. हातात पिशवी, पिशवीत ट्रॉफी. तिने ती काउंटरवर उभी केली, पाठ ताईकडे करून.

"हे कोणी लिहिलं?"

खोटं बोलायची सोयच नव्हती, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. "मी," ताई म्हणाली.

"तुम्हाला कोणी सांगितलं माझ्याबद्दल? मी अर्जात एक अक्षर लिहिलं नव्हतं."

"कोणी नाही सांगितलं."

"मग कसं कळलं?"

ताईला खरोखरच आठवत नव्हतं काय लिहिलं ते. तिने भिंग घेतलं आणि वाकून वाचलं. मुंगीएवढी अक्षरं, स्वच्छ, एक वेलांटी वाकडी नाही: 'एका महिन्यासाठी आली होती. निघायचं राहून गेलं. लोक त्याला निष्ठा म्हणतात.'

"मी खरंच एका महिन्यासाठी लागले होते," चष्मेवाली म्हणाली. "बदलीवर. एक बाई बाळंतपणाला गेली होती. ती परत आलीच नाही. सव्वीस वर्षं झाली. गादीच्या कडेला शिवण मारायची, एका बाजूची झाली की गादी फिरवायची. स्टेजवर हे वाचलं आणि मला हसू आलं. घरी जाऊन रडले. सोमवारी राजीनामा दिला."

ताईने भिंग खाली ठेवलं. "अहो, काय केलंत हे? माझ्या एका वाक्यावर?"

"तुमच्यामुळे नाही सोडली. म्हणजे, तुमच्यामुळेच सोडली. पण घाबरू नका, उपाशी नाही मरत. घर स्वतःचं आहे, पोरगी कमावते."

"आता करणार काय?"

"काय करायचं? दोन दिवस दुपारी झोपले. कंपनीच्याच गादीवर. सव्वीस वर्षं शिवली, झोपून कधी बघितलं नव्हतं. बरी असते. पुढचं माहीत नाही. पण हे तुम्ही ओळखलंत कसं, एवढं विचारायला आले."

ताईला तिथे 'अनुभव' किंवा 'चेहऱ्यावरून' असं काहीबाही सांगता आलं असतं. बाईला बरं वाटलं असतं आणि ती गेली असती. पण एका माणसाने तिच्या शब्दावर नोकरी सोडली होती, आणि तिला थाप मारणं ताईच्या जिवावर आलं.

"तुम्हाला नाही ओळखलं हो," ती म्हणाली. "अर्ज कोरा होता. काय लिहावं सुचेना. सुई तर चालवायची होती. मग हात चालेल तसं लिहिलं. ते तुमचं नाही. माझं आहे."

चष्मेवालीने ट्रॉफी फिरवून ते वाक्य पुन्हा वाचलं.

"बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते," ताई म्हणाली. हे ती आजवर कोणाशी बोलली नव्हती आणि आता गिऱ्हाइकाशी बोलत होती, याचं तिलाच नवल वाटत होतं. "नकाशे काढायच्या कचेरीत मला नोकरी लागली होती, दुसऱ्या शहरात. बाबा म्हणाले, महिनाभर सांभाळ, तोवर माणूस बघतो. त्यांनी बघितला नाही. मग मीही आठवण केली नाही. मी चांगलं कोरत होते. लोक म्हणायचे, पोरीने बापाचं नाव राखलं."

"म्हणजे मी तुमचं वाक्य वाचून नोकरी सोडली."

"हो. मला माफ करा."

चष्मेवालीने ट्रॉफी पिशवीत घातली. रागावली असावी असं ताईला वाटलं, पण ती दारापर्यंत जाऊन वळली. "माफी कसली. मला बसलं बरोबर मापात. पण मग एक सांगा, तुमचं वाक्य, तुमच्या हाताने लिहिलेलं. ते वाचून मी उठले. तुम्ही अजून इथे कशा?"

चष्मेवालीने उत्तराची वाट बघितली नाही. पिशवी खांद्याला लावून ती निघून गेली.

ताई परत टेबलाशी येऊन बसली. शिकंजा, भिंग, कोरणी. लाकडावर तिच्या कोपराने दोन खळगे पाडले होते, त्यांत कोपरं ठेवली की ती आपोआप बसायची. तिने ती ठेवली आणि उचलली. मग मांडीवर हात घेऊन नुसती बसून राहिली.

बाळ्या आला तो धावतच. कोट हातात, टाय खिशात, चेहरा असा उजळलेला की ताईने त्याला इतका खूश शेवटचा पाहिला होता तो शाळकरी असताना.

"ताई, जिंकलीस तू," तो म्हणाला आणि धपकन स्टुलावर बसला. "साहेबांनी दार लावून घेतलं. मला वाटलं आता मारतात. तर म्हणाले, हे माझ्या पाठीवर ज्यांनी लिहिलं त्यांना सांगा की मी रोज सकाळी वाचतो. म्हणाले, मला खरं बोलणारं माणूस ऑफिसात उरलं नाही, कारण मीच सगळ्यांना काढलं. मग म्हणाले, दरवर्षी काम तुमच्याकडेच, पण अट एक. मशीन नको. त्याच हाताने कोरलेलं हवं. मी येता येता मशीनवाल्याला फोन करून रद्द केलं. चुकलंच माझं. मी तुला हलवायला निघालो होतो. आता तुला कोणी हात लावणार नाही. हे टेबल तुझं, ही खिडकी तुझी. मरेपर्यंत."

ज्यासाठी ती महिनाभर झुरली होती ते सगळं त्याने एका दमात तिच्या पुढ्यात आणून टाकलं होतं, आणि एवढ्या प्रेमाने की त्याचे डोळे भरून आले होते. ताईला खरंच आनंद व्हायला हवा होता. तिला झाली ती भीती. गेले चार दिवस दुकान जाईल म्हणून वाटत होती तिच्याहून मोठी. तिला पुढची वीस वर्षं दिसली, एकेक पट्टी करून, आणि त्यात एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

"बाळ्या," ती म्हणाली, "मशीन परत मागव."

"अगं, तुला कळलं का मी काय म्हणालो?"

"कळलं. मशीन मागव आणि इथेच ठेव, खिडकीखाली. इथला उजेड चांगला आहे."

"आणि साहेबांची अट?"

"साहेबांना सांग, खरं ऐकायचं असेल तर काढलेल्या माणसांना चहाला बोलवा. पोटभर ऐकवतील."

बाळ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरला आणि खालून लहानपणीचा बाळ्या वर आला, घाबरला की ताईच्या मागे लपणारा. "मला नाही येत गं ते मशीन चालवता," तो म्हणाला. "मला वाटलं होतं तूच चालवशील. मी नुसता मागवणार होतो. तू गेलीस तर माझं काय?"

ताईला त्याची दया आली. रागही आला, कारण हा प्रश्न तिला दुसऱ्यांदा विचारला जात होता; पहिल्यांदा बाबांनी विचारला होता, थरथरते हात पुढे करून. तेव्हा तिने उत्तर दिलं नव्हतं, ती बसली होती. आता ती उठली. तिने टेबलाचा आधार घेतला आणि मग सोडला.

"तुझं काय व्हायचं ते होईल," ती म्हणाली. "शिकशील. एकोणपन्नास वर्षांचा झालास. चुकलं तर चुकलं, लोकांची नावं आहेत, फार तर ओरडतील."

"आणि तू कुठे जाणार?"

"माहीत नाही."

"ताई, माहीत नाही म्हणजे काय? चोपन्नाव्या वर्षी?"

"म्हणजे माहीत नाही. मला विचारलंय कधी कोणी? मी तरी कधी विचारलं?" तिने खुंटीवरची पिशवी घेतली. आत पाकीट, घराची किल्ली, रुमाल. कोरणी टेबलावरच राहू दिली. "संध्याकाळी घरी जेवायला ये. तेव्हा बोलू. दुकानाचं मात्र बोलायचं नाही."

बाहेर अकरा वाजले होते. कामाच्या दिवशी अकरा वाजता ती एकतीस वर्षांत रस्त्यावर आली नव्हती. या वेळी बाहेर कोण असतं तेही तिला माहीत नव्हतं. एक म्हातारा कुत्र्याला फिरवत होता, की कुत्रा त्याला. दोन बायका भाजीच्या पिशव्या खाली ठेवून कोणाची तरी यथेच्छ निंदा करत होत्या. एक माणूस बाकावर बसून काहीच करत नव्हता आणि त्याला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती. ताई घाबरलेली होती, आणि तरी तिला परत आत जावंसं वाटत नव्हतं.

ती बाकापाशी गेली. "सरका जरा," ती त्या माणसाला म्हणाली.

तो सरकला. ताई बसली, आणि थोड्या वेळाने तिने त्याला विचारलं की इथून बसगाड्या कुठे कुठे जातात.